वडापासून काजा, दोन अंगठे

१. गाव दिसत नसेल तर ते पुसलं गेलं असं लगेच समजू नये

"म्बोक, एक गाव चोरीला गेलंय," सरियासी म्हणाली आणि नवऱ्याचा लॅपटॉप तिने काउंटरवर ठेवला. गरम पातेलं ठेवताना खाली काहीतरी घालायला हवं होतं हे उशिरा आठवावं, तसे तिचे हात क्षणभर तिथेच अडकले.

लुह वार्दानीने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. सिंगराजा शहराच्या जुन्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका, देवळांच्या उत्सवांचे बॅनर, शाळांची प्रमाणपत्रं यांवर पोट चालायचं. जीव मात्र भलतीकडे जडला होता. नसलेल्या देशांचे नकाशे काढायचं एक सॉफ्टवेअर असतं. वार्दानी ते कुणी न शिकवता, बटणं दाबत, चुकत, रडत शिकली होती आणि आता सहा वर्षं त्याच्या इंटरनेटवरच्या मंचावर परक्या लोकांच्या अडचणी सोडवत होती. माझं जंगल समुद्रात गेलं. माझा राजवाडा मुंगीएवढा दिसतो. माझी राजकन्या राहते तो बुरूज छापताना गायब होतो. सगळ्यांना ही बाई उत्तर द्यायची. धाकट्या बहिणींना नावानेही हाक न मारणारे शेजारी हिला मात्र आपुलकीने 'म्बोक' म्हणत, म्हणजे ताई.

"कुठलं गाव?" तिने विचारलं.

"माझं," सरियासी म्हणाली.

सरियासीचा नवरा केतुत विरासा चार महिन्यांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. शाळेत भूगोल शिकवायचा आणि रविवारी घरी स्वतःचा भूगोल रचायचा. अकरा वर्षं तो आणि त्याचे तीन मित्र टेबलाभोवती बसून एका खोट्या बेटावर खऱ्या लढाया करत. बेटाचं नाव नुसा लुपा, विसराळू बेट. मित्र त्यातले वीर, विरासा त्या बेटाचा ब्रह्मदेव. गेल्यावर त्याला तिथल्या रीतीप्रमाणे आधी पुरलं आणि टेबलावरचा छापील नकाशा मित्रांनी त्याच्याबरोबर ठेवला. आता येत्या गुरुवारी गावाचं सामूहिक दहन होतं. त्या दिवशी देहाच्या जागी ठेवायच्या त्याच्या प्रतिमेवर घालायला तोच नकाशा पांढऱ्या कापडावर छापून हवा होता. वार्दानीने शुक्रवारी कागदावर एक नमुना काढून दिला, आणि आज शनिवारी सरियासी तो घेऊन परत आली होती.

"शेवटच्या आठवड्यात मी त्याला बोलले," ती म्हणाली. "दवाखान्यात. असं बोलू नये. म्हटलं, खोट्या देशात चाळीस गावं वसवलीस आणि मला वीस वर्षांत डोंगरात एक घर देता आलं नाही. नुसतं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

"मग?"

"हसला. म्हणाला, वसवलंय. वडापासून काजा, दोन अंगठे. बघ नंतर." तिने नमुना उलगडला. "मी त्याचा नकाशा जन्मात कधी बघितला नव्हता. सवतीचं तोंड कोण बघतं? काल पहिल्यांदा बघितला. हा वड."

वड नकाशाच्या बरोबर मधोमध होता. काजा म्हणजे डोंगराकडे. नकाशात डोंगर वरच्या बाजूला होते. सरियासीने वडापासून वर दोन अंगठे मोजून दाखवले. तिथे उघडा खडक होता. गाव सोडा, झोपडीही नव्हती.

"त्याच्यानंतर लॅपटॉप तिघांकडे एकेक आठवडा होता. कापडासाठी नकाशा नीट करतो म्हणाले. त्यांच्यातल्या कुणीतरी पुसलंय." ती थांबली. "नाहीतर कुणीच पुसलेलं नाही."

दुसऱ्या शक्यतेचा अर्थ दोघींनाही कळला. पहिल्या तिघांहून मोठा संशयित मेलेला होता. मरणाऱ्या माणसाने बायकोची समजूत घालायला मारलेली थाप. आणि तीच त्याची शेवटची गोष्ट.

"बुधवारपर्यंत कापड द्यायचंय ना?" वार्दानी म्हणाली. "लॅपटॉप ठेवून जा. आणि खाऊन घे काहीतरी, तोंड बघ कसं झालंय."

२. फाइल कधीही त्याच नावाने साठवू नये

हा सल्ला वार्दानी मंचावर इतक्यांदा द्यायची की लोक तिची थट्टा करत. विरासाने तो कधी वाचला नसावा. एकच फाइल, एकच नाव, तीच पुन्हा पुन्हा साठवलेली. आधीचं काहीही शिल्लक नाही.

तिने नेहमीची तपासणी केली. असे नकाशे एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे असतात. एका थरावर जमीन, एकावर नद्या, एकावर समुद्र, एकावर जंगल. एखादा थर लपवलेला असला तर त्यावरचं सगळं गायब दिसतं. इथे सगळे थर उघडे होते. फक्त नद्यांच्या थरापुढे लहानसं कुलूप होतं, म्हणजे विरासाने तो थर चुकून हलू नये म्हणून बंद करून ठेवलेला. त्यात नवल नव्हतं. ती स्वतःही लोकांना तेच सांगायची.

मग तिने नावं मोजली. अडतीस. प्रत्येक नावावर टिचकी मारली की एक निळा ठिपका उमटतो, ते नाव कुठे धरलंय ते दाखवणारा. सॉफ्टवेअर आपणहून नाव डाव्या टोकाला धरतं आणि आळशी माणसं ते तसंच राहू देतात. इथे अडतीसच्या अडतीस ठिपके नावांच्या पोटात, मधोमध. 'टापटीप होता बिचारा,' असं मनाशी म्हणत वार्दानीने लॅपटॉप मिटला आणि स्कूटर काढली.

तिघांपैकी पहिला कोमांग दार्मा; त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज बाजारामागे होतं. तो चाकाखालून बाहेर आला तोच बोलत.

"पुसलं मी. कबूल. त्यात काय?"

वार्दानी अजून स्कूटरवरून उतरलीही नव्हती. "काय पुसलंस?"

"लाल फुली. माझा सेनापती मेला होता तिथे विरासाने केवढी ती फुली काढून ठेवली होती. म्बोक, अहो, दहनाला सगळं गाव येणार. माझी बायको येणार. एका म्हातारीने फेकलेल्या मुसळाने मेला माझा सेनापती. ते कापडावर छापून घेऊ?"

"आणखी काही?"

"शप्पथ नाही."

"डोंगर कुठे होते नकाशात?"

"काजाला." त्याने तिच्याकडे दयेने बघितलं. "आणखी कुठे असणार?"

न्योमान आर्तिनी सरकारी दवाखान्यात परिचारिका. माहेर दक्षिणेकडचं, ग्यान्यारचं. लग्न करून इकडे आलेली. तिने कामाची पाळी संपवून कॉफी मागवली, वार्दानीलाही पाजली.

"मी जंगलाचा हिरवा बदलला फक्त. त्याचा हिरवा म्हणजे अगदी उलटी झाल्यासारखा. चार वेळा सांगितलं होतं जिवंतपणी, ऐकलं नाही. मेल्यावर तरी ऐकेल म्हटलं." हसता हसता तिने डोळे टिपले. "कोमांगला विचारा. त्याचं आणि विरासाचं त्या फुलीवरून वाजलं होतं."

"डोंगर कुठे होते?"

"काजाला."

दोन साक्षीदार, एकच उत्तर. वार्दानी समाधानाने उठली, आणि आर्तिनी मागून सहज म्हणाली, "माझ्या कपाचे डाग होते त्या जुन्या नकाशावर. मी नेहमी अक्षरं सरळ दिसतील त्या बाजूला बसायचे. तुमच्याकडची नावं सरळसुद्धा वाचता येत नाहीत मला, उलटी कुठून वाचू? कप समोर ठेवला की बरोबर ज्वालामुखीवर. विरासा म्हणायचा, झाला गं बाई स्फोट."

वार्दानी हसली आणि निघाली. अर्ध्या रस्त्यात तिला काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण समोरून माजलेल्या म्हशीसारखा ट्रक आला आणि ते राहून गेलं.

रुस्दी किनाऱ्यावर होता. बुगी म्हणजे मुसलमान दर्यावर्दींच्या वस्तीतला, पाच पिढ्यांपासून इथलाच. मासेमारीच्या होड्यांवर नावं रंगवायचं काम करायचा. एका नव्या होडीच्या कुशीवर त्याने एकच अक्षर काढलं होतं, आणि ते नावातलं पहिलं नव्हतं.

"हे काय, मधूनच?"

"मधलं अक्षर आधी, म्बोक. मग दोन्ही बाजूंना एकेक. डावीकडून सुरू केलं की शेपटाकडे जागा संपते आणि अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसतात." तो मान वर न करता बोलत होता. "सरियासी कशी आहे?"

"तिचं गाव नाहीसं झालंय. तू नकाशातलं काही पुसलंस?"

त्याचा कुंचला थांबला. "मी? एक रेघसुद्धा नाही. विरासाच्या हातची रेघ मी पुसेन?"

ते खरं वाटत होतं. तरी त्याने कुंचला रंगात न बुडवताच पुन्हा होडीला लावला.

३. नदी जाड होत जाते ती समुद्राकडे

रविवारी सकाळी वार्दानीने छपाईच्या यंत्रावर रोजची पूजेच्या फुलांची पत्रावळ ठेवली आणि मंच उघडला. लिस्बनच्या कुणा मुलीने विचारलं होतं: माझा नकाशा खोटा वाटतो, का ते कळत नाही.

वार्दानीने नेहमीचं उत्तर लिहायला घेतलं. आधी सावल्या बघ. आपल्याकडे उजेड वरून, डावीकडून येतो असं धरतात, म्हणजे सावली खाली उजवीकडे पडायला हवी. मग नद्या बघ. नदी डोंगरात दोऱ्याएवढी असते आणि समुद्राला मिळेपर्यंत...

तिची बोटं थांबली.

तिने नमुन्याचा कागद ओढला. डोंगरांच्या सावल्या वर, डावीकडे पडल्या होत्या. सगळ्यांच्या. जणू नुसा लुपावर सूर्य पायाखालून उगवत होता. मग नद्या. तिन्ही नद्या डोंगरातून निघून समुद्राला मिळत होत्या, म्हणून कुणाला काही खटकलं नव्हतं. पण डोंगरात त्या बोटभर रुंद होत्या आणि समुद्राजवळ येता येता बारीक होत दोरा झाल्या होत्या. भूगोलाच्या मास्तराने काढलेल्या नद्या!

आणि मग आर्तिनीचा कप आठवला. अक्षरं सरळ दिसतील त्या बाजूला ती बसायची, म्हणजे नकाशाच्या खालच्या कडेला. तिच्यासमोर ज्वालामुखी होता. आज तिच्यासमोर समुद्र आला असता.

"वार्दानी, तू मूर्ख आहेस," ती मोठ्याने म्हणाली. तिने दोघांना डोंगर कुठे होते असं विचारलं होतं आणि दोघांनी काजाला म्हणून सांगितलं होतं. काजाचा अर्थच डोंगराकडे. डोंगर डोंगराच्या दिशेला होते! ग्यान्यारमध्ये डोंगर उत्तरेला, म्हणून तिथली काजा उत्तर. सिंगराजात समुद्र उत्तरेला आणि डोंगर दक्षिणेला, म्हणून इथली काजा दक्षिण. विरासा इथला. शाळेच्या नकाशात उत्तर वर असते, तर त्याचा समुद्र वर आणि डोंगर खाली असणार. लहानपणापासून त्याने जग तसंच पाहिलं होतं.

तिने चौघांनाही संध्याकाळी चार वाजता दुकानात बोलावलं. केळ्याची भजी आणायला सांगितली. चोर पकडताना लोकांच्या तोंडात काहीतरी असलेलं बरं.

४. जे हललं नाही ते शोधावं

"कुणीही काही पुसलेलं नाही," वार्दानीने सुरुवात केली. "कोमांगची फुली सोडून."

"फुली?" सरियासीने विचारलं.

"नंतर सांगतो," कोमांग घाईने म्हणाला.

"मुसळ," आर्तिनी भज्यातून पुटपुटली.

वार्दानीने पडदा त्यांच्याकडे वळवला. कोमांग आणि आर्तिनीने तो बघितला आणि दोघेही खाता खाता थांबले.

"हे उलटं आहे," कोमांग म्हणाला. "डोंगर खाली होते."

"तुम्ही दोघांनी तुमचा आठवडा झाल्यावर हा बघितलाच नव्हता. म्हणून कुणाला कळलं नाही. कुणीतरी सगळं निवडून आख्खा देश अर्धा गरकन फिरवला. जमीन, डोंगर, समुद्र, जंगल. वड बरोबर मधोमध, म्हणून तो जागच्या जागी राहिला. डोंगर वरून पाहिल्यासारखे काढलेले, ते फिरवले तरी डोंगरच दिसतात. सावल्या तेवढ्या चुगली करतात. पण फिरवल्यावर नावं उलटी झाली असणार. ती त्याने एकेक करून नव्याने लिहिली. अडतीस नावं. आणि प्रत्येक नाव मधून धरलं. मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना."

रुस्दी स्वतःच्या बोटांवरचा निळा रंग बघत होता.

"मी पुसलं नाही काही," तो अखेर म्हणाला.

"माहीत आहे. का फिरवलास?"

"कापड त्याच्या अंगावर घालणार ना?" त्याचा आवाज इतका खाली गेला की सगळे पुढे झुकले. "तुमच्यात डोकं डोंगराकडे करून निजतात. समुद्राकडे पाय. कापडाची वरची बाजू डोक्याकडे येणार, तर त्याच्या डोक्याशी समुद्र आला असता आणि पवित्र डोंगर पायाखाली. नुसतं कापड फिरवलं असतं तर अक्षरं उलटी. मला वाटलं, सगळे शोकात आहेत, कुणाच्या लक्षात येणार नाही. आणि मी परक्या धर्माचा, तुमच्या विधीत काय बोलू? म्हणून गुपचूप केलं. आठ दिवस लागले."

"अरे देवा," आर्तिनी म्हणाली. "सुट्टी घेतली होतीस ना तेव्हा? म्हणालास ताप आहे."

सरियासी त्याच्याकडे बघत होती. रागावायचं ठरवून यावं आणि रागाला जागाच उरू नये, तशी तिची अवस्था झाली. "मग गाव? फिरवताना गेलं?"

"नाही," वार्दानी म्हणाली. "सगळं फिरलं, पण एक थर फिरला नाही. नद्यांचा. विरासाने त्याला कुलूप घातलं होतं, म्हणून नद्या आहेत तिथेच राहिल्या आणि उलट्या वाहू लागल्या. मी काल ते कुलूप बघितलं आणि शहाणा माणूस म्हणून पुढे गेले. विचारलं नाही, की कुलूप कशाला? नदीला कोण जपतं एवढं?"

तिने खुर्ची सरकवली. "सरियासी, तूच मोज. वडापासून काजा. तुझ्या नवऱ्याची काजा. खाली."

"खाली समुद्र आहे, म्बोक."

"मोज तर."

सरियासीने कागदावर अंगठा ठेवला, मग त्याच्या पुढे दुसरा. निळ्या पाण्यात. वार्दानीने पडद्यावर तीच जागा मोठी केली.

"नदीचं तोंड स्वच्छ दिसावं म्हणून नद्यांचा थर समुद्राच्या खाली ठेवतात. सगळे चांगले नकाशेवाले ठेवतात. त्यामुळे जिथे समुद्र येईल तिथे खालचं झाकलं जातं." तिने समुद्राच्या थरापुढचा, तो थर दाखवणारा डोळा मिटला.

पाणी गेलं.

खाली काहीच नव्हतं. दोऱ्याएवढी एक नदी आणि कोरी जागा. सरियासीचा हात कागदावरून घसरला.

५. मोजताना कुणाचा अंगठा ते विचारावं

कोमांगने खाकरून बघितलं. आर्तिनीने भज्यांची बशी उगाच सरळ केली.

"असू दे," सरियासी म्हणाली. "म्बोक, तुम्ही केलंत तेवढं खूप. आजारी माणूस. बोलला असेल काहीतरी."

"विरासाचे अंगठे," रुस्दी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आठवत नाही? खडू मोडायचा त्याच्या हातात. टेबलावर मोजायचा तेव्हा हे दोघं भांडायचे, तुझा एक अंगठा म्हणजे आमचा दीड. माझाच तेवढा त्याच्याएवढा." त्याने स्वतःचा रंगाने माखलेला जाडजूड अंगठा पुसला आणि संकोचून विचारलं, "मी मोजू?"

त्याने वडापाशी अंगठा ठेवला. मग दुसरा. वार्दानीने चित्र तेवढंच खाली सरकवलं.

लवंगेच्या कळीएवढं होतं ते. मोठं केल्यावर घर झालं. एकच घर, नदीच्या उगमाशी, तिच्याच थरावर काढलेलं. मागे लवंगेची झाडं, पुढे अंगणात चटया पसरलेल्या आणि चटयांवर तपकिरी ठिपके, वाळत घातलेल्या लवंगा. स्वयंपाकघराचं दार पूर्वेला. सावली खाली, उजवीकडे, जशी पडायला हवी तशी.

"पूर्वेला दार," सरियासी म्हणाली. "मी एकदाच बोलले होते. लग्नाच्या वर्षी. सकाळी चुलीपाशी ऊन यावं म्हणून."

घराखाली नाव होतं. वार्दानीने त्यावर टिचकी मारली. निळा ठिपका डाव्या टोकाला उमटला. टापटीप कधीच नव्हता विरासा. नाव होतं *मुलिह*. घरी ये, असं आपण एखाद्याला म्हणतो, तेवढंच.

रुस्दीने पडद्यावरचा नकाशा पुन्हा लहान केला.

"मी परत फिरवतो," रुस्दी म्हणाला. "आजच बसतो. सगळी नावं पुन्हा. फक्त त्याच्या डोक्याशी समुद्र..."

"थांब जरा," वार्दानी म्हणाली. तिने नमुना उचलला, मांडीवर पांघरुणासारखा पसरला, आणि खालची कड हनुवटीखाली धरली. "हे बघ. मी झोपले आहे. विरासाच्या नकाशात डोंगर खालच्या कडेला, म्हणजे माझ्या डोक्याशी. समुद्र पायांशी. आता मान उचलून मी बघते. मला अक्षरं कशी दिसतील?"

रुस्दी तिच्या खुर्चीमागे आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"सरळ," तो हळूच म्हणाला.

"उभ्या असलेल्यांना उलटी दिसतील. त्याला सरळ. नकाशा कुणासाठी आहे?"

आठ दिवसांच्या खोट्या तापाचा माणूस मटकन स्टुलावर बसला आणि हसू लागला, आणि मग त्याचं हसू राहिलं नाही. कोमांगने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर ग्रीसचे चार डाग उमटले.

बुधवारी दुपारी कापड तयार झालं. विरासाने काढलं होतं तसंच, समुद्र वर, डोंगर खाली, जंगल मात्र आर्तिनीच्या हिरव्याचं. लाल फुलीही परत आली. सरियासीने मुसळाची हकिगत ऐकून ती हट्टाने काढायला लावली होती. वार्दानीने कापड लांब टेबलावर पसरलं. सरियासी आली ती समुद्राच्या बाजूने, उभी राहिली ती तिथेच. तिच्या बाजूने सगळी नावं उलटी दिसत होती.

"या बाजूला ये," वार्दानी डोंगरांकडून, विरासाचं डोकं यायचं होतं त्या कडेवरून म्हणाली. "इथून नीट दिसतं. घराचं नावही वाचता येतं."

सरियासीने हात लांब करून लवंगेएवढ्या घरावर बोट टेकवलं. ती हलली मात्र नाही.

"मला उलटंच दिसू दे, म्बोक," ती म्हणाली. "ते वाचायची मला अजून घाई नाही."